तोतयाच्या रुपयाचं पाणी

गुणाजीच्या देव्हाऱ्यात देव पाच आणि रुपया एक. पण सकाळी उठून पहिला नमस्कार व्हायचा तो रुपयाला. देवांनी कधी तक्रार केली नाही. लालबागच्या चाळीत, एवढ्याशा खोलीत दहा माणसांबरोबर राहायचं म्हटल्यावर देवसुद्धा समजुतीनं घेतात.

रुपया चांदीचा, जाडसर, एका कडेला चेपलेला. गुणाजीच्या आज्याच्या आज्याला तळकोकणातल्या एका राजानं स्वतःच्या हातानं दिलेला. संस्थान इतकंसं की एका वेशीवर शिंकलं तर दुसऱ्या वेशीवरून ‘शतंजीव’ ऐकू यावं. पण राजा तो राजा. त्या रुपयापायी गुणाजीच्या घराला चाळीत मान होता. कुणाचं भांडण तुटेना, कोण खरं कोण खोटं ते कळेना, की मंडळी गुणाजीच्या दारात यायची. रुपया ताम्हनात धुवायचा, ते पाणी ओंजळीत घ्यायचं, “खोटं बोलेन तर राजा माझा घास घेईल” म्हणायचं आणि पिऊन टाकायचं. पुढची अवस उलटेपर्यंत पिणाऱ्याला काही झालं नाही, तर तो खरा. ह्याला म्हणत राजाचं पाणी. गुणाजीला दर पाण्यामागे नारळ आणि विडा मिळायचा. रुपयावर हळदकुंकवाची इतकी पुटं चढली होती की त्याच्यावर काय लिहिलंय ते कुणी पाहिलं नव्हतं. आणि दिसलं असतं तरी वाचणार कोण?

तुळसा ह्या घरातली धाकटी सून. गुणाजीच्या धाकट्या मुलाची, रघुची बायको. गिरणीच्या रिळखात्यात, म्हणजे बायका बसून सूत गुंडाळतात तिथं कामाला जायची. अंगानं बारीक, तोंडानं फटकळ नाही पण मुकीही नाही. तिला चार वर्षांची एक मुलगी, कमळ. तुळसेचं सगळं त्या पोरीत. रघु नवरा म्हणून वाईट नव्हता. भिंत कशी असते, तिच्यात वाईट काय असतं? पण तिला टेकून रडता येत नाही एवढंच.

प्लेगच्या दुसऱ्या वर्षी थोरला दीर दगडू तापानं पडला. काखेत गाठ आली. सासूनं, रमाबाईनं, त्याला पोटमाळ्यावर चढवला, पुढे तांदळाची पोती लावली आणि सगळ्यांना सांगितलं, दगडू गावी गेलाय. तेव्हा प्लेगवाले घरोघरी झडती घेत. आजारी माणूस सापडला की डोलीत घालून इस्पितळात, आणि तिथून परत आलेली माणसं बोटावर मोजावीत अशी. लोकांना गाठीपेक्षा डोलीचं भय जास्त.

तुळसा एकदाच बोलली. “आत्याबाई, वर उष्म्यानंच जीव जाईल भावोजींचा. इस्पितळात नेलं तर?”

“नेऊन टाक मलापण तिथं,” रमाबाई म्हणाली. “म्हणजे चूल तुझी एकटीची.”

झालं. तेवढं एक वाक्य तिच्या नावावर जमा राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसा नळावर हंडा लावून उभी होती. कोपऱ्यावर चुन्याची वखार होती, तिच्या आडोशाला तिला एक बाई दिसली. पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला, पण लुगडं ओळखीचं. तिची जाऊ मंजुळा. दगडूची बायको. समोर लाल पट्टा लावलेला प्लेगचा शिपाई. मंजुळा बोलत होती आणि बोट चाळीकडे होतं.

मंजुळा वळली आणि दोघींची नजर मिळाली.

जिन्यात तिनं तुळसेचा हात धरला. “खालच्या मजल्यावरचा चंदू जिता परत आला गो तिथून. सुई टोचतात, औषध देतात. हे माळ्यावर नुसते जळतायत. मी काय करू? सांगू नको गो कुणाला. आत्याबाई मला पोरांसकट रस्त्यावर काढतील.”

“नाही सांगत,” तुळसा म्हणाली. तिला वाटलं, दगडू भावोजी बरे होऊन आले की मग कोण विचारतंय.

तासाभरात प्लेगवाले आले. दुसरीकडे कुठं न बघता सरळ पोत्यांवर गेले. दगडूला डोलीत घातलं. गाद्या-गोधड्या चौकात जाळल्या, भिंतींना चुना फासला, कौलं काढून ऊन आत सोडलं. दगडू तिसऱ्या दिवशी गेला. प्रेतही हाताला लागलं नाही.

रमाबाईनं तेरावा होईपर्यंत दम धरला. मग चौकात उभी राहून विचारलं, “त्या सकाळी खाली कोण गेलं होतं?”

नळावर तुळसा गेली होती. इस्पितळ तुळसेच्याच तोंडातून निघालं होतं. मंजुळा कोपऱ्यात पांढऱ्या कपाळानं बसलेली. तिच्याकडे कोण बघतोय?

तुळसेनं राजाचं पाणी मागितलं. चाळीदेखत ओंजळ भरली. “मी प्लेगवाल्यांना सांगितलेलं नाही. खोटं बोलेन तर राजा माझा घास घेईल.” कुणी सांगितलं ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ती प्याली.

मग पुढची अवस येईपर्यंत तिचं ताट उंबऱ्याबाहेर. रमाबाई तिच्यावर असा डोळा ठेवून होती की सख्ख्या आईनंही ठेवला नसता. तुळसा खोकली की ती मान वर करायची. पाय घसरला की जपमाळ थांबायची. पण तुळसेला साधी ठेचसुद्धा लागली नाही. अवस गेली. चाळीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, पोर खरी आहे. रमाबाईला तिच्या कपाळाला कुंकू लावून तिला चुलीशी बसवावं लागलं. तिनं कुंकू असं लावलं की अंगठ्याचा वळ उठला.

हे सगळं असंच राहिलं असतं. पण गिरगावातून चिंतामणी आला.

चिंतामणी फोर्टातल्या एका साहेबाकडे कारकून. साहेबाला जुन्या नाण्यांचा नाद, आणि चिंतामणीला साहेबाचा. डोक्यावर पगडी, खिशात भिंग, बोलणं लोण्यातून काढल्यासारखं. राजाच्या पाण्याची गोष्ट कुठंतरी त्याच्या कानावर गेली होती. त्यानं रुपया मागून घेतला आणि धोतराच्या सोग्यानं त्याच्यावरचं कुंकू चक्क पुसलं. रमाबाईनं कानांवर हात ठेवले. चिंतामणीनं भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि त्याच्या मिशा हलल्या.

“गुणाजीराव, हा तुमच्या राजांचा नव्हे हो.”

“म्हणजे?”

“हे साल बघा. राजे वारले त्यानंतर सहा वर्षांनी पाडलाय हा. मेलेला माणूस टांकसाळ घालतो होय?”

मग त्यानं सांगितलं ते असं. राजा लढाईला गेला तो परतला नाही. सहा वर्षांनी एक बैरागी आला आणि म्हणाला, मीच तो. नाक तसंच, चाल तशीच. राणीनंही ओळखलं म्हणतात. आता विधवापण सुटतंय म्हटल्यावर कोण ओळखणार नाही? तो एक पावसाळाभर गादीवर बसला. बसल्या बसल्या पहिलं काम काय, तर आपल्या नावानं रुपये पाडले आणि जे पायाशी आले त्यांना वाटले. मग बिंग फुटलं. तोतयाला हत्तीच्या पायी दिलं आणि रुपये गोळा करून वितळवले.

“म्हणून हे मिळत नाहीत,” चिंतामणी म्हणाला.

गुणाजी उठून उभा राहिला. “आमचा पूर्वज तोतयाच्या पायाशी? निघा. तोतया असेल तुमचा बाप!”

चिंतामणीला राग आला नाही. तो भिंग पुसत म्हणाला, “निघतो. राजांचा असता तर चौदा आणे दिले असते. त्यांचे बाजारात पोत्यानं पडलेत. तोतयाचा आहे म्हणून सव्वाशे देणार होतो.”

गुणाजी पुन्हा खाली बसला.

“पान तरी खाऊन जा,” गुणाजी म्हणाला.

पानाला चुना लागेपर्यंत सौदा ठरला. एकच अट होती. साहेबाला नुसतं नाणं नको, त्याची हकीकत हवी. तेव्हा सुट्टीच्या दिवशी चाळीच्या चौकात, चार माणसांसमोर गुणाजीनं तोंडानं सांगायचं: हा रुपया तोतयाचा, आमच्या पूर्वजाला तोतयानं दिला.

तुळसा चुलीशी होती. भाकरी करपली तरी तिला वास आला नाही. घरातल्या कुणाच्या आधी तिला कळलं, काय विकलं जातंय ते. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि सासऱ्याच्या पायाशी बसली.

“मामंजी, रुपया विकायचा तर विका. पण राजाचा म्हणून विका.”

“राजाचा म्हणून चौदा आणे गो, वेडे.”

“चौदा आण्यालाच विका. बाकीचे मी रिळावर बसून आणून देते. जन्मभर देते.”

चिंतामणी हसला. “सूनबाई मोठी राजनिष्ठ दिसते!”

गुणाजीला सगळं कळत होतं. तो वाईट माणूस नव्हता; गावच्या घराचं छप्पर पडलं होतं, दगडूची तीन पोरं गळ्यात होती. तो म्हणाला, “तुझं काय बिघडतंय त्यात? तू खरी आहेस ना? मग पाणी कुठलंही असेना.” हे तो मनापासून म्हणतोय की काय, ते बघायला तुळसेनं वर पाहिलं. गुणाजी पानाच्या डब्यात सुपारी शोधत होता. सुपारी वरच होती.

रघुला तिनं नळावर गाठलं. “तुम्ही तरी बोला.”

“बाबांपुढे मी काय बोलणार?” रघु म्हणाला आणि तिचा हंडा उचलून दिला. त्याच्या परीनं ती माया होती.

सुट्टीच्या दिवशी चौक भरला. गुणाजीनं सांगितलं. पोरं ओरडली, “तोतयाचे सरदार!” म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवून हसून घेतलं. गुणाजीनं सोसलं, कमरेला सव्वाशे होते. चिंतामणीनं रुपया कापसात गुंडाळला आणि घोड्याच्या ट्रामनं गिरगावला निघून गेला.

माणसं पांगणार, तेवढ्यात रमाबाई उठली. पोरगा गेल्यापासून तिच्या तोंडावर पहिल्यांदा तजेला आला होता.

“थांबा,” ती म्हणाली. “रुपया तोतयाचा. मग त्याचं पाणी कुणाचं? हिनं शपथ घेतली ती कुणापुढे? हत्तीनं तुडवलेल्या लबाडापुढे! लबाडानं लबाडाला सांभाळून घेतलं.”

चौकातल्या माना हळूहळू हलू लागल्या. तुळसेनं कमळीला कडेवर घेतलं.

“मग सगळ्यांच्याच शपथा गेल्या, आत्याबाई,” ती म्हणाली. “शेजारच्या धोंडूभावोजींनी ह्याच पाण्यावर सांगितलं होतं ना, गावी माझी दुसरी बायको नाही म्हणून? मग तेही खोटं. त्यांचं लग्नही खोटं.”

धोंडूची बायको शेवंता पदर खोचून पुढे आली. “माझ्या लग्नाला हात लावशील तर झिंज्या उपटीन! सहा पोरं काय तोतयाची झाली मला?”

लोक हसले. धोंडू तेवढा हसला नाही. पण मग हसू थांबलं आणि प्रत्येकजण मनातल्या मनात आठवू लागला, आपण काय काय प्यालो होतो. कुणी भावाच्या वाटणीवर प्यालं होतं, कुणी बकरीवर, कुणी बायकोच्या चारित्र्यावर. चाळीतल्या निम्म्या संसारांच्या बुडाशी तोच रुपया होता. तुळसा बोलली ते अगदी खरं होतं, आणि म्हणूनच ते कुणाला परवडणारं नव्हतं.

शेवटी सगळ्यात वडील म्हातारा खाकरला. “जुनं उकरायचं नाही. जी शपथ पचून गेली ती पचली. पण हिची अजून ताजी आहे. हिचा निवाडा नव्यानं व्हायला हवा.” सगळ्यांना हे एकदम न्यायाचं वाटलं. सुटलो म्हणून लोकांनी श्वास सोडले.

रमाबाई मंजुळेकडे वळली. “तू त्या दिवशी दाराशी होतीस. तुझा नवरा गेलाय. तू सांग, तू काय पाहिलंस?”

तुळसेला हायसं वाटलं. आता मंजुळा बोलेल. सगळं नाही तरी एवढं तरी, की तुळसा नव्हती. मंजुळेनं आधी आपल्या तीन पोरांकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

“तुळसाच,” ती म्हणाली. “वखारीपाशी. शिपायाशी बोलत होती. मी पाहिलं.”

किती साधं सांगितलं तिनं! जागा खरी, शिपाई खरा, बोलणं खरं. फक्त बाई बदलली.

“तूच होतीस ती!” तुळसा किंचाळली. “जिन्यात हात धरलास माझा! चंदूचं नाव घेतलंस!”

रमाबाईनं तिच्या तोंडात मारली. “रांडवलेल्या बाईवर ढकलतेस? ती आपल्या नवऱ्याला पकडून देईल?”

“शपथ घेते मी! काहीही द्या, पिते!”

“कशावर घेतेस?” गर्दीतून कुणीतरी विचारलं. “रुपया तर गिरगावात गेला.” आणि लोक पुन्हा हसले.

रघु खोलीतून तिचं गाठोडं घेऊन आला. नीट बांधलं होतं. दोन लुगडी, एक फणी, वर सकाळच्या भाकऱ्या. तिच्या कडेवरून त्यानं कमळीला घेतलं. पोर हात सोडेना. त्यानं एकेक बोट सोडवलं, दुखणार नाही अशा बेतानं. “कमळ माझ्या आईकडे राहील,” एवढंच म्हणाला.

तुळसा रिळखात्यातल्या एका म्हातारीच्या खोलीत शिवडीला राहू लागली. माहेर नव्हतंच. गिरणी होती म्हणून पोट होतं. चाळीच्या दारात दोनदा गेली; दोनदा शेवंतेनं वरून खरकटं पाणी ओतलं. तिसऱ्यांदा कळलं की रघुनं गावाहून दुसरी करून आणली आहे. रमाबाईला नवी सून फार आवडली. ती बोलत नसे.

सव्वाशे रुपयांनी गावच्या घरावर कौलं चढली आणि मग संपले. दगडूची तीन पोरं काही कौलं खात नव्हती. वर्षाच्या आत मंजुळेला कामाला जावं लागलं. आणि जाणार कुठं? त्याच गिरणीत, त्याच खात्यात. खात्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणीनं तिला तुळसेच्या शेजारच्या रिळावर बसवलं. दोघी हातभर अंतरावर दिवसभर सूत गुंडाळत. मंजुळेच्या हातून धागा तुटायचा, तुळसेच्या हातून कधी नाही. बोलणं नव्हतं.

एका दुपारी सुट्टीत गिरणीच्या फाटकाशी प्लेगवाले बायकांच्या काखा चाचपत होते. लाल पट्ट्याचा एक शिपाई रांगेवरून आला, मंजुळेपाशी थांबला आणि ओळखीचं हसला.

“काय बाई, तुम्हीच ना त्या, वखारीपाशी आला होतात? मालक बरे झाले का मग? तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून, नाहीतर कोण सांगतं!”

बिचारा चांगल्या मनानं विचारत होता. मंजुळेचं तोंड मडक्यासारखं कोरं झालं. तुळसा तिच्या मागंच उभी होती.

“बरे झाले,” तुळसाच म्हणाली. “तुमचं नाव काय हो, दादा? राहता कुठं?”

त्यानं नाव सांगितलं, वरळीला राहतो म्हणाला. तुळसेनं ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मंजुळेला नीट ऐकू जावं म्हणून.

रिळावर परत बसल्यावर मंजुळा हळू आवाजात रडू लागली. “तुळसे, पाया पडते. त्याला चाळीत आणू नको. माझी पोरं भीक मागतील गो.”

तुळसा सूत गुंडाळत राहिली. त्या शिपायाला चौकात उभा केला असता तर रमाबाईचं तोंड काळं झालं असतं. मंजुळा बाहेर गेली असती. आणि तुळसा? तिच्या जागी तर दुसरी जेवत होती. परत जाऊन ती कुठं बसणार होती? तिला त्या घरातली एकच गोष्ट हवी होती, आणि ती मिळवायचा रस्ता आता शेजारी बसून नाक पुसत होता.

“नाही आणत,” ती म्हणाली. “उद्यापासून दुपारच्या सुट्टीत कमळीला फाटकावर आणायची. रोज. आत्याबाईंना काय सांगायचं ते तू बघ. खोटं तुला चांगलं जमतं.”

मंजुळेनं आणली. कुणास ठाऊक काय सांगून, पण आणली. थोरल्या पोराबरोबर कमळ यायची, फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसायची आणि तुळसा तिला भाकरी भरवायची. मंजुळेनं समोर बसायचं, हीसुद्धा तुळसेचीच अट. पहिले काही दिवस पोर बावरून होती. मग तिला गोडी लागली. मासळीचा तुकडा असला की आधी तोंड उघडायची. तुळसेच्या अंगावर मांस आलं. मंजुळा वाळत चालली, तिला घास जात नसे. तुळसा ते पाहायची आणि तिला वाईट वाटायचं नाही. वाटायला हवं होतं, एवढं तिला कळायचं. पण वाटत नव्हतं, त्याला ती काय करणार?

एक दिवस कमळीनं तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं, “आजी म्हणते तू मोठ्या काकांना पकडून दिलंस. दिलंस?”

मंजुळेनं मान वर केली. तुळसेनं घाई केली नाही. कालवणात भाकरीचा तुकडा बुडवला, निथळू दिला.

“काकीला विचार,” ती म्हणाली. “काकीनं डोळ्यांनी पाहिलंय.”

पोर काकीकडे वळली. “काकी, दिलं?”

मंजुळा तुळसेकडे पाहत होती. खरं सांगितलं तर संध्याकाळी ते आजीच्या कानी जाणार होतं. तुळसाही तिच्याकडे पाहत होती, अगदी शांतपणे, दुसऱ्या कुणाला वाटावं की मायेनंच.

“हो गो बाय,” मंजुळा म्हणाली. “दिलं हिनं.”

“बरं,” कमळ म्हणाली आणि तोंड उघडलं. तुळसेनं घास भरवला. “उद्याही विचार हां काकीला,” ती लेकीच्या तोंडावरचं कालवण पुसत म्हणाली. “विसरू नको.”